ओटीवरची हातभर भिंत

हायकोर्टातल्या कागदावर माझ्या जावेचं नाव पहिल्या नंबरला आहे आणि माझं अकराव्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या दोन आकड्यांमुळे झालं. थोरली सून मी. या घराचा उंबरा मी तिच्या पंधरा वर्षं आधी ओलांडला. तरी कागदावर ती वर आणि माझ्या डोक्यावर आणखी नऊ जण.

मी पुतळाबाई, शीव कोळीवाड्यातली. दादरच्या बाजारात मासळी विकते. आमच्या वाड्यामागे पार वडाळ्याच्या मिठागरांपर्यंत खाजण आहे. भरतीचं पाणी यावं, पसरावं, ओहोटीला निघून जावं, अशी ती सखल जमीन. पाऊस आणि उधाण एकाच दिवशी आलं की माटुंग्याकडचं सगळं पाणी तिथे येऊन थांबतं. खाजणात जागा असेल तर ते तिथे राहतं, नसेल तर आमच्या चुलीत येतं. चौऱ्याण्णव सालापासून एका बिल्डरने तिथे डंपरने दगडमाती टाकायला सुरुवात केली आणि ‘सागरछाया’ नावाचा बोर्ड लावला. आठ बिल्डिंगी होणार होत्या. दोन पावसाळे आम्ही गुडघाभर पाण्यात काढले, तिसऱ्याला पाणी मांड्यांपर्यंत आलं. मग वाड्याने समिती काढली आणि सत्त्याण्णवच्या सुरुवातीला वाडा कोर्टात गेला.

समितीत बोलणारी कोण, तर आमची कालिंदी. माझ्या धाकट्या दिराची, हरेश्वरची बायको.

आणि या बाईला वाड्यात आणली कोणी? मीच. ब्याऐंशीच्या संपात मी लालबागच्या बाजारात बसायचे. गिरण्या बंद पडल्या तशा बायका माझ्या पाटीपुढून मान फिरवून जायला लागल्या. ज्या बायका पापलेटाच्या गालफडात बोट घालून भांडायच्या, त्या माझ्याकडे बघेनाशा झाल्या. संपावरच्या कामगारांत एक गणपत नावाचा साचेवाला होता, गिरणीत मागावर काम करणारा, राजापूरकडचा. त्याची ही मुलगी. अकरावी झालेली, दोन वेण्या. बाजाराच्या तोंडाशी खोक्यावर उभी राहून संपाची पत्रकं खडखडीत आवाजात वाचून दाखवायची. तेव्हा मला ती फार आवडायची, हे आज सांगताना जीभ जड होते. मी तिला हाक मारून पाटीजवळ बसवायचे, उरलेली मांदेली तिच्या पिशवीत टाकायचे. रिकामी पाटी उचलायला हरेश्वर यायचा. त्याने तिला तिथेच पाहिली. संप काही जिंकला नाही, पण ती मात्र आमच्या घरात आली.

आली तेव्हा तिला बोंबील धरता येत नव्हता. शिंगाळ्याचा काटा हातात घुसवून घेतला आणि रात्रभर कण्हत बसली. मी तिच्या हाताला हळद बांधली. मीच तिला साफ करायला, कापायला, सुकवायला शिकवलं. इथपर्यंत सगळं बरं होतं.

बिघडलं ते माझ्या नवऱ्यामुळे. लहू तसा अबोल माणूस. होडी, जाळं आणि विडी. पण या पोरीने त्याला विचारलं, “दादा, भरती कधी येणार ते तुम्हाला घड्याळ न बघता कसं कळतं?” आणि हा माणूस बोलायला लागला! तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता. ती बोटांवर मोजायची आणि हा हसायचा. मला त्या दोघांचा वेडावाकडा संशय कधी आला नाही, तसं कोणी समजू नये. तो तिच्याकडे लेकीसारखंच बघायचा. पण माझ्याशी तो वीस वर्षांत कधी इतकं बोलला नव्हता. एकदा मी विचारलं, “मना का नाय शिकवलं हे?”

तो म्हणाला, “तुना काय शिकवू? तू तर खाडीतच जन्मली.”

त्याने ते कौतुकाने म्हटलं असेल. माझ्या मात्र पोटात दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

आता त्या भिंतीचं सांगते. आमच्या ओटीवर, दाराच्या डाव्या अंगाला, हातभर रुंदीची एक पट्टी होती. घरात पाणी शिरलं की ते उतरल्यावर लहू होडीच्या डांबराचा ब्रश घ्यायचा आणि पाणी जिथवर आलं होतं तिथे एक काळी रेघ ओढायचा. बाजूला तिथी आणि साल. अशा पाच रेघा होत्या. दरवर्षी शिमग्याला मी सगळ्या घराला चुना काढायचे, तेव्हा ती पट्टी सोडून काढायचे. चुन्याचे शिंतोडे उडाले तर लुगड्याच्या पदराने पुसायचे. पाचवी रेघ ब्याण्णवची. तेव्हा लहूचा हात थरथरायला लागला होता. रेघ त्याने कशीबशी ओढली, पण तिथी लिहिली कालिंदीने. गोल गोल, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं अक्षर. पुढच्या वर्षी लहू गेला.

म्हणजे माझ्या नवऱ्याने या घरात मागे ठेवलेलं जे काही होतं, त्यातही शेवटचं अक्षर तिचं होतं.

समितीची पहिली सभा हरेश्वरच्या अंगणात झाली. माटुंग्याचे एक वकील फुकट केस लढायला तयार झाले होते. ते म्हणाले, पहिलं नाव अशा माणसाचं हवं ज्याला साहेबापुढे नीट बोलता येईल. सगळ्या वाड्याने एका सुरात कालिंदीचं नाव घेतलं. सोनूबाई तर म्हणाली, “संपात शिकलीय ती, तिलाच करा.” आणि ही कालिंदी लाजून म्हणते, “वैनी मोठ्या आहेत, त्यांचं नाव घाला.” एवढा मानभावीपणा! मी पदर खोचला आणि उठून आले. त्यानंतर एकाही सभेला गेले नाही. अर्जावरची सही तेवढी हरेश्वर घरी येऊन घेऊन गेला. लोक बोलवायला आले की मी बाजाराचं निमित्त सांगायचे.

त्यामुळे मला हे कळलंच नाही, की कालिंदीने कोर्टात जे प्रतिज्ञापत्र दिलं त्यात माझ्या ओटीवरच्या त्या पाच रेघा होत्या. मी दादरला असताना ती टेप घेऊन येऊन मोजून गेली होती. फोटोही काढले होते, पण अंधाऱ्या ओटीत ते काळे आले. बिल्डरच्या इंजिनिअरने लिहून दिलं होतं, की या भागात पाणी साचत नाही. त्याला उत्तर म्हणजे माझी भिंत. शेवटी कोर्टाने एक कमिशनर नेमला. त्याने स्वतः येऊन बघायचं आणि लिहून न्यायचं. मेमधला सोमवार ठरला.

बुधवारी कालिंदी मला सांगायला आली. मी कोळंबी सोलत होते.

“वैनी, सोमवारी कमिशनर साहेब येणारेत. तुमच्या घरी पण येतील. ओटीवर ती भिंत...”

“मना शिकवू नको माझ्या घरात काय करायचं ते,” मी म्हटलं. “साहेब चहा कुठे पिणार?”

ती गडबडली. “आमच्याकडे ठेवलाय. अंगण मोठं आहे म्हणून. पण वैनी, ऐका तरी...”

“ऐकलं. जा आता.” मी रेडिओचा कान पिळला आणि आवाज एवढा मोठा केला की शेजारची कुत्री उठली. ती गेली. हरेश्वरला पाठवलं, तर त्यालाही मी दारातून परतवून लावला.

अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. हायकोर्टाचा साहेब वाड्यात येणार आणि चहा धाकटीकडे! आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की घराला रंग लागतो. लग्न असो, साखरपुडा असो, आधी भिंती. मी ठरवलं, चहा तिच्याकडे प्या, पण साहेबाने घर म्हणून लक्षात ठेवायचं ते माझं. शुक्रवारी मी बाबुरावला बोलावलं. हा पूर्वी गिरणीत होता, संपानंतर रंगाची कामं करायला लागला. आकाशी डिस्टेंपर सांगितला. नुसत्या चुन्यावर भागणार नव्हतं.

शनिवारी बाबुराव ओटीवर आला आणि त्या पट्टीपाशी थांबला.

“बाई, हे डांबर आहे. याच्यावर रंग मारला तर काळं फुटून वर येणार. ठेवू तसंच, की खरवडू?”

मी बघितलं. खाली लहूच्या चार रेघा, वाकड्या, त्याच्या हातासारख्या जाडजूड. वर पाचवी आणि तिच्याशेजारी ते गोल अक्षर. माझ्या डोळ्यांपुढे आलं, की सोमवारी साहेब या दारातून आत येणार आणि पहिलं काय दिसणार? तिचं अक्षर. माझ्या ओटीवर, माझ्या नवऱ्याच्या शेजारी.

“खरवड,” मी म्हटलं.

पत्र्याने त्याने ते सगळं काढलं. काळा भुगा खाली पडला. मी झाडू घेऊन तो गोळा केला आणि बाहेर टाकला. दुपारी ओटी अशी निळीशार झाली होती, की मी स्वतः दोनदा बाहेर जाऊन आत आले.

सोमवारी अकरा वाजता मंडळी आली. कमिशनर साहेब पिकल्या मिशांचे, टायपिस्ट घेऊन आलेले. बिल्डरचा वकील, त्याचा इंजिनिअर, आमचे माटुंग्याचे वकील आणि मागे अर्धा वाडा. कालिंदी पुढे होती. दारातूनच ती बोलायला लागली, “साहेब, प्रतिज्ञापत्रात ज्या पूररेषा म्हटल्यात त्या या भिंतीवर...” आणि तिचं वाक्य तिथेच तुटलं.

ती निळ्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला, की बुधवारी ती काय सांगायला आली होती.

बिल्डरचा वकील हसला. “कुठे आहेत रेषा?”

“परवापर्यंत होत्या,” कालिंदी म्हणाली. कोणी पुसल्या ते मात्र बोलली नाही.

“साहेब, हे नोंदवून घ्या,” तो म्हणाला. “शपथेवर सांगितलेल्या रेषा अस्तित्वातच नाहीत. याचिकाकर्तीने कोर्टाला खोटी माहिती दिली आहे.”

खोटं कशाला सांगू, तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं.  पहिल्या नंबरचं नाव आता खोटारडीचं नाव ठरणार होतं. अकराव्या नंबरकडे कोण बघतंय?

हरेश्वर मध्ये पडला. “साहेब, आमच्यात पाहुणे यायचे म्हणून रंग लावतात. वैनीने त्यासाठी शनिवारी...”

“बरोबर याच भिंतीला? बरोबर शनिवारी?” वकील म्हणाला. “सोपं आहे, साहेब. रेषा नव्हत्या म्हणून नवा रंग मारून ठेवला. या घरात पाणी कधी आलेलंच नाही.”

तिथे माझं डोकं फिरलं.

या घरात पाणी आलेलं नाही? तीस वर्षांत कितीदा मी इथला चिखल सुपाने भरून बाहेर टाकलाय. पाण्यात उभी राहून पोरं माळ्यावर चढवलीत. लहूला ताप भरला होता तेव्हा त्याची खाट विटांवर ठेवून रात्र काढलीय. आणि हा बुटांसकट माझ्या ओटीवर उभा राहून सांगतो, पाणी आलंच नाही!

“ए वकिला,” मी म्हटलं, “पानी तू उपसलंस का माझ्या घरातलं? थांब, तुना दाखवते.”

आतून मासळी कापायची कोयती आणली. सगळे मागे सरकले. मी उजव्या अंगाच्या भिंतीपाशी उकिडवी बसले आणि खरवडायला लागले. निळा रंग गेला, खाली पांढरा चुना. तो यंदाच्या शिमग्याचा, माझ्या हातचा. तो काढला तर खाली तपकिरी डाग, जमिनीपासून मांडीपर्यंत. तो गेल्या पावसाचा चिखल. चिखल कितीही पुसला तरी भिंतीत मुरतो, म्हणून तर आम्ही शिमग्याला त्यावर चुना काढतो. डागाखाली पुन्हा चुना, त्याखाली पुन्हा चिखल. मी एकेका पायरीने खरवडत गेले. लहूने डाव्या भिंतीवर रेघा ओढल्या होत्या, पण उरलेल्या सगळ्या घरावर दर साली हात फिरवला होता तो मी.

कमिशनर साहेब गुडघ्यावर बसले. चष्मा काढून बघितलं, बोटाने खाजवलं, टेप मागवली. आठ थर निघाले. पाच जुने, ते नडगीच्या आसपास. वरचे तीन एकाहून एक उंच. साहेबांनी इंजिनिअरला विचारलं, “तुमचा भराव कधी सुरू झाला?”

इंजिनिअर म्हणाला, “चौऱ्याण्णव.”

साहेबांनी वरचे तीन थर पुन्हा मोजले.

मग ते म्हणाले, “दोन्हीकडचे वकील सोडून सगळे बाहेर थांबा. मला या बाईंचा जबाब घ्यायचाय.” कालिंदीही बाहेर गेली. साहेबांनी माझ्यापुढे स्टूल ओढला. “बाई, थर मी पाहिले. पण तुम्ही त्या रेषा का पुसल्यात ते मला कळलं पाहिजे. नाहीतर हे वकीलसाहेब कोर्टात तेच विचारतील आणि तुमच्या भिंतीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

पाहुण्यांसाठी, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. पण त्यांनी असं बघितलं, की अर्ध्यावर भागणार नाही हे मला कळलं.

“जावेवर जळून खरवडल्या,” मी म्हटलं. “एका रेघेपुढे तिचं अक्षर होतं.”

टायपिस्टचा हात थांबला. साहेबांनी मान हलवली तशी त्याने टिकटिक केली. मग साहेबांनी मला मराठीत वाचून दाखवलं: ‘साक्षीदार सांगते की तिने जावेच्या मत्सरापोटी सदर रेषा नष्ट केल्या.’ मी सही केली. सही मला येते, एवढं तरी येतं.

पावसाळ्याच्या तोंडावर कोर्टाने भराव थांबवला. पुढच्या तारखेपर्यंत एक डंपर आत यायचा नाही, असा हुकूम झाला. वाड्याने पेढे वाटले. अहवालाची प्रत आली तशी हरेश्वरच्या अंगणात सभा भरली. ती इंग्रजीत होती आणि कालिंदी मराठी करून सांगत होती. या वेळी मी गेले, अगदी मागे बसले. मला माहीत होतं त्या कागदात काय आहे. माझा जबाब चालू असताना ती बाहेर होती, तेव्हा तिला ते आजच कळणार होतं आणि तिच्याच तोंडून सगळ्या वाड्याला. मी पदर घट्ट धरून बसले होते.

थरांचं वाचून झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सोनूबाईने मागे वळून माझ्या पाठीत थाप मारली. मग कालिंदी माझ्या जबाबापाशी आली. वाचता वाचता थांबली. नजर त्या ओळीवर एकदा गेली, परत मागे आली. ती तांब्यातलं पाणी प्यायली.

“साक्षीदार सांगतात की,” ती म्हणाली, “पाहुणे येणार म्हणून त्यांनी भिंत रंगवली होती.” आणि पान उलटलं.

कोणाला काही कळलं नाही. मी सुटले होते. गप्प बसले असते तर जन्मभर सुटले असते. पण माझा असा जळफळाट झाला की काय सांगू! कागदावर ती वर, बोलण्यात ती वर, लहूच्या शेवटच्या रेघेला ती. आणि आता चांगुलपणातही तीच वर? मला झाकून घेऊन ही थोर होणार, आणि मी तिच्या उपकाराखाली या वाड्यात म्हातारी होणार?

मी उठून उभी राहिले.

“पुरतं वाच.”

“वैनी, वाचलं की.”

“एक वाक्य गाळलंस. मना साहेबाने वाचून दाखवलंय. वाच म्हणते ना.”

सगळे माझ्याकडे वळले. कालिंदीचा चेहरा पडला. “वैनी, राहू दे ना,” ती हळूच म्हणाली.

“तू नाय वाचत तर मी सांगते. लहूच्या रेघा मी खरवडल्या. हिच्यावर जळून.”

 हरेश्वरने मान खाली घातली. लहू त्याचा सख्खा भाऊ. कालिंदीने पान परत उलटलं आणि ते वाक्य वाचलं. खोक्यावर उभी राहून संपाची पत्रकं वाचणारी ती बाई, पण तिचा आवाज तेवढ्या एका ओळीत दोनदा फुटला. तिला माझ्याबद्दल वाईट वाटत होतं की त्या रेघांबद्दल, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

केस अजून चालू आहे. तारखा पडतात, कालिंदी जाते, साहेबापुढे बोलते, पेपरात तिचा फोटोही आला. मला राग येतोच. येऊ नये असं म्हणून तो थांबत नाही. पाच रेघांच्या उंच्या आणि तिथ्या तिच्या प्रतिज्ञापत्रात आहेत. ती एकदा म्हणाली, “वैनी, मापं आहेत माझ्याकडे. परत ओढू या का?” मी नको म्हटलं. मापं तिच्याकडे असतील. लहूचा हात कुणाकडे आहे?

शिमग्याला मी अजून स्वतः चुना काढते. दाराच्या डाव्या अंगाला हातभर जागा सोडते. शिंतोडा उडाला तर पदराने पुसते. तिथे आता काही नाही.